स्टॅबिलायझर बार दुरुस्त करू की काढूनच टाकू? (फोर बाय फोर, घाट आणि शेताची वाट)

चिखलवाट | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

गाडीच्या एका भागावरून इतका अडकलो असं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी दहा वर्षांची डिझेल फोर बाय फोर आहे, लाखावर किलोमीटर झालेत. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर, मागे अख्खा ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि कॉइल स्प्रिंगा. स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीला कलू न देणारी कांब; कुणी अँटी रोल बार म्हणतं, कुणी स्वे बार) पुढेही आहे आणि मागेही. मी राहतो कोल्हापुरात फुलेवाडीत, शेत असळजच्या आत डोंगराकडेला. आठवड्यातून दोन-तीनदा कळे, साळवण, असळज अशी फेरी होते. महिन्यातून एकदा तरी करूळ घाट उतरून वैभववाडीला मावशीकडे जातो. म्हणजे नव्वद टक्के डांबर आणि दहा टक्के दगड-चिखल. पण त्या दहा टक्क्यांशिवाय शेत गाठता येत नाही, आणि गगनबावड्याचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको.

दिवाळीच्या सुमारास पुढच्या डाव्या चाकाकडून कट-कट आवाज सुरू झाला. सरळ स्पीड ब्रेकरवरून गेलं की आवाज नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की हमखास. पंधरा-वीस दिवसांनी फिटरने गाडी उचलली, तर बारची डावी लिंक (बारचं टोक चाकाकडे जोडणारा छोटा दांडा) बॉल जॉइंटपाशी तुटून लोंबत होती. तो म्हणाला, "दोन्ही लिंका काढतो, बार वर बांधतो. लय जण काढूनच टाकत्यात, चाक जास्त खाली जातंय." मलाही पटलं. काढल्या.

पहिले तीन आठवडे मी खूश होतो. आवाज गेला. शेताच्या वाटेवर ओढ्याच्या काठाला जांभ्याची एक तिरकी पायरी आहे, तिथं नेहमी एक चाक हवेत जाऊन नुसतं फिरायचं. तिथून गाडी पहिल्यांदाच सरळ वर आली.

मग गेल्या शनिवारी करूळ घाट. मागे आई-वडील, टपावरच्या कॅरिअरवर तांदळाची चार पोती. एका वळणावर समोरून दुचाकीवाला ओव्हरटेक करत माझ्या बाजूला आला. मी स्टिअरिंग मारलं आणि लगेच परत घेतलं. गाडी आधी दरीकडे कलली, मग तितकीच डोंगराकडे, आणि परत एकदा दरीकडे. वेग तिशीच्या आसपास असेल. काही झालं नाही. आईनं विचारलं, "गाडीला काय झालंय?" वडील काही बोलले नाहीत, पण परत येताना ते एसटीनं आले.

तेव्हापासून झोप नीट नाही. ओढ्यातला फायदा डोळ्यांनी पाहिलाय आणि घाटातली भीतीही. लिंका नव्या बसवू, की बार काढूनच टाकू? काढायचा तर पुढचा की मागचा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

भुदरगडी | सोमवार, रात्री १०:१५

भावा, काढून टाक आणि निवांत ऱ्हा. आमच्या घरी जुनी जीप हुती, पुढं-मागं पाटे, म्हंजी पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तिला असला बारच नव्हता. पाटगावच्या पावसात आठ-आठ माणसं घिऊन चालली, बापाच्या काळापासनं. एकदा बी कलंडली न्हाई. गाडी कशी चालवायची ते ड्रायव्हरच्या हातात असतंय. घाटात वेग कमी ठेव, झालं. वाटेवर चाक जमिनीला टेकलं न्हाई तर फोर बाय फोर असून उपयोग काय?

गडवाट | सोमवार, रात्री ११:०२

वाटेवरच्या फायद्याबद्दल भुदरगडीशी सहमत, बाकीच्याबद्दल नाही. उद्या सविस्तर लिहितो. चिखलवाट, तोवर एक करा: टपावर ओझं ठेवू नका. पोती आत, सीटच्या मागे, खाली.

उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी ७:२०

मी उद्यमनगरात स्प्रिंगा आणि सस्पेन्शनच्या कामात वीसएक वर्षं आहे. हा प्रश्न महिन्याला दोघं-तिघं तरी विचारतात, म्हणून आज दुकान उघडायच्या आधी बसून लिहितो.

बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेली स्प्रिंग पोलादाची कांब. मधला आडवा भाग दोन रबरी बुशांत चासीला धरलेला असतो. दोन टोकं लिंकांनी डाव्या-उजव्या चाकाकडे जोडलेली असतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर कांब बुशांत नुसती फिरते, तिला पीळ पडत नाही. म्हणून सरळ ब्रेकरवर तुम्हाला आवाज येत नव्हता. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की कांब पिळली जाते आणि ती सरळ व्हायला बघते. वळणावर नेमकं हेच होतं: बाहेरचं चाक दबतं, आतलं सुटतं, कांब पिळली जाते आणि बॉडीला कलू देत नाही. ओढ्यातल्या पायरीवरही तेच होतं, फक्त तिथं आपल्याला ते नको असतं. कांबेला घाट आणि ओढा यातला फरक कळत नाही.

पिळाचा जोर कांबेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीच्या जागी २५ मिमीची कांब घातली तर जाडी सव्वापट होते, पण जोर जवळजवळ अडीचपट होतो. त्यामुळे कंपनीने ठरवलेली जाडी ही सहज घेतलेली नसते, आणि "थोडी जाड टाकू" असं म्हणणाऱ्याचंही ऐकू नये.

आता तुमच्या गाडीचं. डावी लिंक तुटली त्या दिवशीच तुमचा पुढचा बार संपला. एक टोक मोकळं म्हणजे पीळच पडत नाही, उजवी लिंक असून नसल्यासारखी. म्हणजे तुम्ही तीन आठवडे नाही, दिवाळीपासून पुढच्या बारशिवाय फिरताय. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही, कारण सरळ रस्त्यावर बारला कामच नसतं. काम पडतं ते तुमच्या शनिवारसारख्या दोन सेकंदांत.

भुदरगडी, तुमच्या जीपबद्दल खरं लिहिलंत. पण पाटे स्वतःच ताठ असतात. एकावर एक पान घासतं आणि पाट्याची रुंदी गाडीला कलताना धरून ठेवते. त्या जीपला बार लागत नव्हता, कारण बारचं बरंचसं काम पाटेच करायचे. पाठीला बसणारे दणके ही त्याचीच किंमत होती. कॉइल स्प्रिंग मऊ ठेवता येते ती बारच्या भरवशावर. बार काढून तुम्ही पाट्याची जीप होत नाही. पाट्याविना आणि बाराविना अशी तिसरीच गाडी होते.

आजऱ्याची_लेक | मंगळवार, सकाळी ८:४५

मी बोलावं की नको, असा विचार करत होते, कारण चूक माझीच होती. पण चिखलवाट यांच्या आई-वडिलांचं वाचलं आणि राहवलं नाही.

मी आजऱ्याहून सावंतवाडीला नोकरीसाठी जाते-येते, रोज आंबोली घाट. आधीच्या गाडीचा पुढचा बार मीही काढून टाकला होता, मागचा ठेवला होता. कारण तेच, मैत्रिणींबरोबर जंगलवाटा फिरायच्या. सहा महिने सगळं छान. मग गळिताच्या हंगामात एका रात्री गवसेच्या पुढे, उसाची ट्रॉली रस्त्यात उभी, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. दिसली तेव्हा अंतर राहिलं नव्हतं. मी उजवीकडे काढली आणि परत डावीकडे घेताना गाडीची मागची बाजूच बाहेर निघाली. गाडी आडवी होऊन कडेच्या चरात गेली. उलटली नाही हे नशीब. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण पुढचे चार महिने मी रात्री गाडी चालवू शकले नाही.

कारखाने सुरू झाले की आपल्या जिल्ह्यातले रस्ते कसे असतात हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. वेग कमी ठेवून सगळं टळत नाही. माझा वेग जास्त नव्हता.

उद्यमनगरी दादा, मागची बाजूच का निघाली हे मला आजही नीट कळलेलं नाही. सांगाल का?

भुदरगडी | मंगळवार, सकाळी ९:३०

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुम्ही सुखरूप हायसा हे महत्त्वाचं. पण माझा मुद्दा वाटेचा हाय. आमच्याकडं पावसाळ्यात वाडीपर्यंत दुसरी गाडीच येत न्हाई. एखादा आजारी पडला तर त्याच वाटंनं गारगोटीला न्यावं लागतंय. तिथं गाडी अडकली तर ते बी संकटच की. त्याचं उत्तर मिळंना मला.

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी २:१०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

ताई, बऱ्याच जणांना वाटतं की बार असला की वळणावर बाहेरच्या चाकांवर कमी वजन जातं. तसं नसतं. एकूण किती वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणार हे गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आणि वळण किती जोरात घेतलं यावर ठरतं. बार दोन कामं करतो. एक, बॉडीचा कल कमी करतो. दुसरं, जे वजन बाहेर जाणारच आहे त्यातलं किती पुढच्या टायरने उचलायचं आणि किती मागच्या, याची वाटणी करतो. गाडीच्या ज्या टोकाला (पुढे किंवा मागे) बार ताठ, त्या टोकाचा बाहेरचा टायर जास्त वजन उचलतो आणि त्या टोकाची पकड आधी सुटते.

तुम्ही पुढचा काढला आणि मागचा ठेवला. म्हणजे वाटणी मागे सरकली. मागची पकड आधी सुटली आणि गाडी आडवी झाली. कंपन्या वाटणी मुद्दाम पुढे जास्त ठेवतात, कारण पुढची पकड आधी सुटली तर गाडी वळणाच्या बाहेर सरकत जाते. आपला पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठतो आणि ती बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर सावरणं सराईतालाही अवघड जातं. त्यामुळे "फक्त पुढचा काढ" हा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. आणि दुर्दैवाने तोच सगळ्यांत जास्त दिला जातो, कारण पुढचा बार हाताला सोपा येतो.

चिखलवाट, तुमची गाडी आज नेमकी याच अवस्थेत आहे. पुढचा नाही, मागचा आहे, आणि टपावर पोती. हात जोडून सांगतो, लिंका येईपर्यंत घाट बंद ठेवा.

करवीर_विमा | मंगळवार, दुपारी ४:००

विम्याच्या क्षेत्रात आहे, तेवढ्यापुरतंच लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर निकाल दिलाय. स्टॅबिलायझर बार काही आरसी बुकात लिहिलेला नसतो, त्यामुळे रस्त्यात कुणी अडवेल असं नाही. पण अपघातानंतर सर्व्हेयर गाडीखाली वाकून बघतो. सुरक्षिततेचा एक भाग जाणूनबुजून काढलाय असं त्याच्या अहवालात आलं, तर त्याचं उत्तर गाडीमालकालाच द्यावं लागतं. आणि समोरच्या गाडीत कुणी जखमी असेल तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

गडवाट | मंगळवार, रात्री १०:३०

काल अर्धवट सोडलं होतं. भुदरगडीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण तो प्रश्न खरा आहे.

बार सोडल्यावर वाटेवर फरक पडतो, यात शंका नाही. जगभर लोक सोडतात. जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये तर पुढचा बार बटणाने सुटतो, आणि वेग वाढला की आपोआप परत जोडला जातो. ज्या कंपनीने बार सोडायची सोय दिली, तिनेच तो डांबरावर जोडलेला राहील याचीही सोय केली. टोयोटाच्या काही लँड क्रूझरमध्ये बार तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेला जोडलेले असतात, वाटेवर सैल होतात आणि रस्त्यावर ताठ. इतका खर्च करून त्यांनी बार ठेवलाच, काढून टाकला नाही.

पण रँग्लरला पुढेही अख्खा ॲक्सल आहे. जिम्नीलाही तसंच. एक टोक वर गेलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, तिथं पुढचा बार सोडल्याचा फायदा भरपूर. चिखलवाटच्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथं चाक किती खाली जाईल हे आर्मची लांबी आणि स्टॉपर ठरवतात. बार सोडून थोडंच जास्त मिळतं. शिवाय चाक सारखं तळाला आपटत राहिलं तर बॉल जॉइंट, ॲक्सलचे रबरी बूट आणि ब्रेकचा होज यांच्यावर ताण येतो. मागे अख्खा ॲक्सल आहे, म्हणजे तुमचं खरं लवचिक टोक मागचं. ओढ्यात तुम्हाला जो फायदा दिसला तो खरंच बारचाच होता का, हे एकदा मोजून बघा असं सुचवतो.

आणि हवा. टायरची हवा किती असते ओढ्यात?

चिखलवाट | मंगळवार, रात्री १०:५०

हवा नेहमीचीच, ३२ पीएसआय. शेतावर कधी कमी केली नाही, कारण परत भरायची कुठं? रविवारी मोजतो. कसं मोजायचं तेवढं सांगा.

गडवाट | मंगळवार, रात्री ११:१५

सपाट जागा घ्या. पुढचं एक चाक हळूहळू दगड-फळ्यांच्या थरावर चढवत जा. त्याच बाजूचं मागचं चाक जमीन सोडतं त्या क्षणी पुढच्या चाकाची उंची टेपनं मोजा. एक माणूस बाहेर बघायला हवाच, आणि गाडीखाली कुणीही जायचं नाही. आधी आज आहे तसं, म्हणजे पुढचा सुटलेला. मग मागचा सोडून. लिंका आल्या की दोन्ही जोडून.

महत्त्वाचं: लिंक सोडताना आणि जोडताना गाडी सपाटीवर, चारही चाकं सारख्या उंचीवर. गाडी तिरकी उभी असेल तर बारमध्ये पीळ साठलेला असतो. नट सुटला की टोक झटक्याने उडतं, बोटं जातील. परत जोडताना भोकही जुळत नाही. आणि सोडलेला बार पट्ट्यानं घट्ट वर बांधा. ब्रेकच्या होजला किंवा एबीएसच्या वायरला घासता कामा नये.

भुदरगडी | बुधवार, सकाळी ६:५०

हवेचं कुणी सांगितलंच नव्हतं कधी. गाडीत बारका कॉम्प्रेसर ठेवला तर चालतंय का? बॅटरीवर चालणारा?

गडवाट | बुधवार, सकाळी ७:३०

चालतो, मी तोच वापरतो. चारही टायर १८-२० वरून ३२ वर न्यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, इंजिन चालू ठेवायचं. फक्त कमी हवेवर डांबरावर वेगात जायचं नाही, टायर तापतो आणि रिमवरून सुटायची भीती. आजाऱ्याला न्यायचं असेल तर वाट संपली तिथं निदान २६-२८ पर्यंत भरा, पुढे सावकाश चालवा, उरलेली पंपावर.

चिखलवाट | रविवार, रात्री ८:२०

आज भाऊ आणि मी सकाळी सातपासून शेतावर होतो. शुक्रवारीच पुढच्या दोन्ही लिंका नव्या आणल्या होत्या, त्यामुळे चारही प्रकार करता आले. मोजमाप आमच्याच गाडीचं आणि आमच्याच टेपचं आहे, तेवढं धरून वाचा.

दोन्ही बार जोडलेले असताना मागचं चाक सुटलं तेव्हा पुढचं चाक साधारण १३ इंच वर होतं. फक्त पुढचा सोडला तर १४. फक्त मागचा सोडला तर साडेसोळा. दोन्ही सोडले तर जेमतेम १७. गडवाट यांनी न बघता सांगितलं होतं ते तंतोतंत निघालं, पुढच्या बारानं एक इंच फक्त. त्या एका इंचासाठी मी आई-वडिलांना तसं घाटातून नेलं होतं.

मग दोन्ही बार जोडलेलेच ठेवून ओढ्यावर गेलो. ३२ च्या हवेवर पायरीवर चाक फिरलं, पूर्वीसारखंच. तिथंच हवा २० वर आणली, फोर लोमध्ये (चारही चाकांना जोर, वेग अगदी कमी) पहिल्या गिअरला, पाय स्थिर. गाडी चढली. परत उतरलो, परत चढलो, पाच वेळा. एकदाही चाक फिरलं नाही. भावानं व्हिडिओ काढलाय, टायर दगडाला कसा चिकटून बसतो ते त्यात स्वच्छ दिसतं.

म्हणजे महिनाभर मी ज्याचं श्रेय बार काढण्याला देत होतो, तेवढं काम हवेनंच केलं. बार काढून जो फायदा झाला होता तो खोटा नव्हता, पण एवढासा होता.

आजऱ्याची_लेक | रविवार, रात्री ९:०५

इतकं मनापासून मोजून लिहिलंत, खूप आभार. हा धागा मी आमच्या गटात सगळ्यांना पाठवतेय. दोघींनी गेल्या वर्षी पुढचे बार काढलेत.

भुदरगडी | रविवार, रात्री ९:४०

मोजून दावलंस, आता बोलायला जागा न्हाई. पण मागचा सोडला की साडेतीन इंच मिळालं, ते बी लिव्हलंस ते बरं केलंस. माझ्या वाटंला तेवढं लागतंय. मागचा सोडून वाट काढायची आणि डांबर लागलं की जोडायचा, असं चालंल न्हवं?

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ७:०५

भुदरगडी, चालेल. मागचा सुटला तर वाटणी पुढे सरकते, म्हणजे चुकलं तरी कमी धोक्याच्या बाजूला. पण जोडायचा म्हणजे जोडायचाच. पावसात भिजत, रात्री अकराला, घरी जायची घाई असताना. त्या वेळी कंटाळा येणार असेल तर सोडूच नका, हवेवर भागवा. पान्हा आणि जाड पुठ्ठा गाडीत कायम ठेवा, पाठ टेकायला. सोडलेला असताना स्टिअरिंगला लाल फडकं बांधा. फडकं दिसलं की डांबरावर चढायचं नाही. आणि गाडीला ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर त्या यंत्रणेचा सगळा हिशोब बार जागेवर आहे असं धरूनच केलेला असतो, हे विसरू नका.

आता दुरुस्तीबद्दल, कारण चिखलवाट यांनी विचारलं होतं आणि ते राहूनच गेलं.

लिंका नेहमी जोडीनं बदलाव्यात. एक गेली म्हणजे दुसरी तेवढेच किलोमीटर चाललेली असते. जुनी लिंक तपासायची तर दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत. एकच बाजू जॅकवर घेतली तर लिंकेवर ताण येतो, ढिलाई लपते आणि फिटर "चांगली आहे" म्हणून सांगतो. इथं निम्मे लोक फसतात. बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटला असेल तर ढिलाई नसली तरी बदला. आपल्या लाल मातीचं पाणी आत गेलं की ती एक पावसाळाही काढत नाही.

चासीचे बुश लिंकांबरोबरच बदला, किंमत किरकोळ असते. रबरी बुशाला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. पॉलियुरेथेनचे घातले तर सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर वर्षभरात करकर सुरू होते. रोजच्या गाडीला मी रबरच सांगतो. क्लॅम्पचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही.

आणि कांब स्वतः तुटली किंवा तडकली असेल तर वेल्डिंग करून घेऊ नका. आमच्या उद्यमनगरात कुठलीही वस्तू वेल्ड करून देणारा माणूस मिळतो, आणि मला माझ्या गल्लीचा अभिमान आहे. पण स्प्रिंग पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे तापवून-विझवून आणलेला ताठपणा, वेल्डिंगच्या उष्णतेनं जातं. सांध्याशेजारी ते ठिसूळ होतं आणि तिथूनच परत तुटतं, तेही पीळ सगळ्यांत जास्त असतो त्या क्षणी, म्हणजे वळणावर. मी स्वतः असं काम परत पाठवतो. नवी कांब घ्या, नाहीतर चांगल्या स्थितीतली त्याच मॉडेलची जुनी घ्या. जाडी कॅलिपरनं मोजून.

चिखलवाट | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

मागच्या दोन्ही लिंका आणि चारही बुश बुधवारी बसले. पुढच्या आधीच बसल्या होत्या. मजुरी धरून सगळं मिळून डिझेलची एक टाकीसुद्धा भरली नसती इतक्यात झालं. त्या पैशाला आणि दोन तासांना मी महिनाभर टाळत होतो. कॅरिअर उतरवून गोठ्यात ठेवलाय. बारका कॉम्प्रेसर घेतलाय.

आज करूळ घाट उतरून परत आलो. येताना गगनबावड्याच्या बाजूला एका वळणावर रस्त्यात गुरं होती, जरा जोरात काढावी लागली. गाडी एकदा कलली आणि सरळ झाली. दुसऱ्यांदा कललीच नाही. वडील पुढे बसले होते. वैभववाडीतून निघताना मी एसटीचं वेळापत्रक बघायला लागलो होतो, तर ते आधीच पट्टा लावून बसले होते.

उद्यमनगरी, एकच शंका: पुढून अगदी बारीक टक असा आवाज येतो, फक्त गाडी रिव्हर्स घेऊन परत पुढे घेताना. लिंकेचाच असेल का?

उद्यमनगरी | सोमवार, सकाळी ६:५५

क्लॅम्पचा बोल्ट असण्याची शक्यता जास्त. नवा बुश पहिल्या काही दिवसांत दबतो आणि क्लॅम्प किंचित सैल होतो. गाडी सपाटीवर उभी करून चारही बोल्ट आणि लिंकांचे नट टॉर्क पान्ह्यानं बघा. सेल्फ लॉकिंग नट एकदा खोलला की तोच परत वापरू नका, नवा घाला. तरी आवाज राहिला तर शनिवारी गाडी घेऊन या, लोअर आर्मचे बुश पण बघू.